मेव्हणे अमेरिकेतून येऊ लालेत, नेस्ट आणायला सांगू का इकोबी?

वसमतरोडकर

नमस्कार मंडळी. जरा लांबड लागणार आहे पण पूर्ण वाचा. मी पुण्यात नोकरीला, आई-अण्णा परभणीतच, वसमत रोडला घर. वरच्या मजल्यावर ते दोघं, खाली भाडेकरू. डोक्यावर उघडी गच्ची. उन्हाळ्यात तिथं काय होतंय ते परभणीच्या माणसाला सांगायची गरज नाही, बाकीच्यांनी मे महिन्यातले पेपर काढून बघा.

एसी दोन आहेत. हॉलमध्ये जुना दीड टनाचा साधा स्प्लिट, इन्व्हर्टरवाला नाही. बेडरूममध्ये नंतर घेतलेला इन्व्हर्टर स्प्लिट (कॉम्प्रेसरची ताकद आपोआप कमी-जास्त करणारा), ३ स्टार. दोन्हीला वायफाय बिफाय काही नाही.

भांडण असं आहे की अण्णा रात्री १८ वर लावून झोपतात. आई मध्यरात्री कुडकुडत उठते आणि डायरेक्ट बंदच करते. मग थोड्या वेळानं अण्णा घामानं उठतात, परत १८. सकाळी दोघांचेही फोन मला. मी पुण्यात बसून काय करू? मागच्या मे चं बिल ५०० युनिटच्या वर गेलं ते वेगळंच, ३०० च्या पुढं अन् ५०० च्या पुढं युनिटचा भाव कसा चढतोय तुम्हाला माहितीच आहे.

आता बायकोचा भाऊ ओहायोत असतो, तो फेब्रुवारीत येऊ लालाय. त्याच्या घरात स्मार्ट थर्मोस्टॅट आहे, म्हणजे घराचं तापमान सांभाळणारं भिंतीवरचं यंत्र, म्हणतोय दाजी एकदा भिंतीला लावला की विसरून जा, सगळं आपोआप. त्यातल्या दोन कंपन्या, नेस्ट आणू का इकोबी आणू एवढंच सांगा म्हणला. मी यूट्यूबवर दोन्हीचे व्हिडिओ बघून बघून डोकं फिरवून घेतलंय, एक म्हणतो हा चांगला, दुसरा म्हणतो तो.

तर मला पाहिजे काय, पुण्यातून रूमचं तापमान दिसावं, रात्री आपोआप २५-२६ च्या आसपास राहावं, लाईट जाऊन आली तरी सेटिंग राहावी (दिवसातून जातेच), आणि नेट बंद असलं तरी आई-अण्णांना हातानं चालवता यावं. दोन्ही एसी मिळून १० हजारात बसलं पाहिजे. कोणता घेऊ?


तरोडानाका_ते_डॅलस

दादा, पहिलं काम, मेव्हण्यांना आजच फोन लावून थांबवा. दोन्हीपैकी कोणताही आणला तरी तुमच्या स्प्लिटला लागणार नाही.

मी नांदेडचा, सध्या टेक्सासमध्ये. इकडं घरात एसी म्हणजे आपल्यासारखं प्रत्येक खोलीत एक डबडं नसतंय. अख्ख्या घराला एकच मशीन, माळ्यावर नाहीतर तळघरात, आणि तिथून पत्र्याच्या डक्टनं सगळ्या खोल्यांत हवा. त्या मशीनला भिंतीवरच्या थर्मोस्टॅटपासून २४ व्होल्टच्या बारीक वायरी जातात. एक वायर कूलिंगची, एक पंख्याची, एक हीटिंगची, एक सप्लायची, आणि एक सी वायर म्हणतात ती, थर्मोस्टॅटला स्वतःला सतत करंट मिळावा म्हणून. नेस्ट काय, इकोबी काय, हनीवेल काय, सगळे मुळात ह्या वायरी जोडा-तोडायची शहाणी बटणं आहेत. तुमच्या स्प्लिटमध्ये त्या वायरीच बाहेर काढलेल्या नसतात, इनडोअर आणि आउटडोअर आपसात स्वतःच्या भाषेत बोलतात आणि तुमच्याशी फक्त रिमोटनं. कोणी हौशी वायरमननं जोडतो म्हणून २३० ची लाईन त्यात घातली तर दुसऱ्या मिनिटाला धूर.

बाकी तुम्ही विचारलंच आहे तर तुलना सांगून टाकतो, व्हिडिओवाले मुद्द्याचं सांगत नाहीत. नेस्ट २०११ मध्ये आला, टोनी फॅडेल म्हणजे आयपॉडवर काम केलेला माणूस, त्यानं सुरू केलेली कंपनी, गूगलनं २०१४ मध्ये ३.२ अब्ज डॉलरला घेतली. त्याचं म्हणणं असं की तुम्ही आठवडाभर फिरवा, मी तुमच्या सवयी शिकतो. दिसायला एक नंबर. पण शिकणं ज्यांचं रूटीन घड्याळासारखं आहे त्यांनाच कामाचं, माझी शिफ्ट बदलती, माझ्या घरी तो काय शिकणार कपाळ. इकोबी टोरांटोची कंपनी, त्यांनी वेगळा विचार केला, २०१४ च्या मॉडेलपासून खोल्यांत ठेवायचे छोटे सेन्सर दिले. थर्मोस्टॅट बसतो पॅसेजमध्ये, माणसं झोपतात बेडरूममध्ये, मग पॅसेजचं तापमान मोजून उपयोग काय? हा विचार मला पटला म्हणून माझ्या घरी इकोबी आहे. नेस्टनंही नंतर सेन्सर काढलेच. तुमच्यासाठी ह्या सगळ्यातून एकच गोष्ट उचला, सेन्सर माणसाजवळ पाहिजे.

आणि दुसरं. गूगलनं २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये नेस्टच्या पहिल्या दोन पिढ्यांचा सपोर्ट बंद केला. भिंतीवर हातानं चालतात अजून, पण ॲपमधून गायब. म्हणजे लोखंड शाबूत आणि डोकं काढून नेलं. कोणतीही क्लाउडवर, म्हणजे नेटवरून कंपनीच्या कॉम्प्युटरवर चालणारी वस्तू घेताना हे धरून चला.

आमच्याकडं तर २०२१ च्या जूनमध्ये मजाच झाली होती. ह्यूस्टनकडं लोकांना भर उन्हात घर तापलेलं लागलं, बघतात तर थर्मोस्टॅट आपोआप वर सरकलेला. नंतर कळलं की बक्षिसाच्या सोडतीसाठी त्यांनी स्वतःच एका योजनेत नाव घातलेलं होतं, ग्रीडवर लोड आला की बाहेरून तापमान वाढवायची परवानगी त्यात होती. वाचतंय कोण.


जालन्याचा_एसीवाला

वरच्या भाऊंनी बरोबर सांगितलं. मी ह्याच धंद्यात आहे, जालना-अंबड-परतूर पट्ट्यात एसी बसवणं-रिपेरिंग करतो. तुम्हाला जे पाहिजे त्याला आयआर कंट्रोलर म्हणायचं (आयआर म्हणजे रिमोटमधून निघतो तो न दिसणारा किरण), कोणी आयआर ब्लास्टर म्हणतं. छोटी डबी असते, मोबाईलच्या चार्जरवर चालते, वायफायला जोडलेली असते आणि तुमच्या रिमोटचीच नक्कल करते. एसीला कळतसुद्धा नाही की बटण कोणी दाबलं.

पण घ्यायच्या आधी दोन-तीन गोष्टी ऐका, कारण गिऱ्हाईक डबी आणतं आणि मग मला फोन करतं, चालून नाही राहिली म्हणून.

पहिली. किरण भिंतीतून जात नाही. दोन खोल्या म्हणजे दोन डब्या. एक हॉलमध्ये ठेवून बेडरूमचा एसी चालणार नाही, दार उघडं असलं तरी भरवसा नाही.

दुसरी. टीव्हीच्या रिमोटमध्ये आवाज वाढवायचं बटण दाबलं की तेवढाच सिग्नल जातो. एसीच्या रिमोटमध्ये तसं नसतं, एक बटण दाबलं तरी चालू का बंद, किती डिग्री, पंखा किती, स्विंग, मोड, सगळाच निरोप दर वेळी पूर्ण जातो. म्हणून डबीला तुमच्या रिमोटचा नेमका प्रकार माहीत पाहिजे. स्वस्तातल्या डब्यांत परदेशी कंपन्यांची यादी भरपूर आणि आपल्याकडच्या एसींचे दोन-चारच मॉडेल, मग चालू होतो पण २५ म्हणलं की २२ लावतो, स्विंग चालत नाही, असले प्रकार. रिमोटच्या मागं मॉडेल नंबर असतो, तो आधी ॲपच्या यादीत बघा आणि मगच पैसे द्या. काही जुन्या रिमोटात चालू आणि बंद दोन्हीला एकच सिग्नल असतो, तसा असला तर डबी चालू समजून बंद करते आणि बंद समजून चालू. तुमच्या हॉलच्या जुन्या एसीचं हे नक्की तपासा.

तिसरी, ही फार महत्त्वाची. कोणी म्हणेल १६ अँपिअरचा स्मार्ट प्लग लावा, मोबाईलवरून चालू-बंद. नका लावू. चालत्या एसीची लाईन कापणं म्हणजे कॉम्प्रेसरला दर वेळी धक्का. रिमोटनं बंद केलं तर मशीन आपल्या पद्धतीनं थांबतं, परत सुरू व्हायला तीनेक मिनिटं घेतं, ते बरोबर आहे. इन्व्हर्टर एसीला तर प्लगनं कापायचं नावच काढू नका, पीसीबीचा, म्हणजे आतल्या सर्किट बोर्डाचा खर्च विचारा एकदा कोणाला.

लाईट जाऊन आल्यावर परत चालू व्हायचं म्हणता, त्याला ऑटो रिस्टार्ट म्हणतात, ते एसीच्या आतच असतं, डबीशी संबंध नाही. मेन स्विच बंद करून पाच मिनिटांनी चालू करून बघा, आपोआप आला म्हणजे आहे. स्टॅबिलायझर आहे का, ते लिहिलं नाही तुम्ही.

आणि बिलाचं म्हणाल तर सर्व्हिसिंग केली का शेवटची? फिल्टर धुळीनं गच्च असला तर १८ लावा नाहीतर ८ लावा. आपल्याकडची धूळ म्हणजे काय सांगायचं.


एसजीजीएस_हॉस्टेल

ब्रो एवढं कशाला, ईएसपी८२६६ म्हणून वायफायची छोटी चिप येते ती घ्या, एक आयआर एलईडी, एक ट्रान्झिस्टर, एक डीएचटी२२ सेन्सर. सगळं पाचशेच्या आत. आयआररिमोटईएसपी८२६६ म्हणून लायब्ररी आहे, त्यात ढीगभर एसींचे प्रोटोकॉल आधीच आहेत. होम असिस्टंटला (घरातल्या स्मार्ट वस्तू चालवायचं फुकट सॉफ्टवेअर) जोडा, सगळं घरातल्या घरात चालतंय, क्लाउड नाही, कंपनी बुडाली तरी आपलं चालू. आमच्या रूमवर तेच आहे. फक्त सेन्सर चिपला चिकटवून ठेवू नका, चिप स्वतः गरम होती आणि दोन-तीन डिग्री जास्त दाखवती, वायर लावून लांब ठेवा.


जालन्याचा_एसीवाला

@एसजीजीएस_हॉस्टेल हुशार आहेस बाबा, पण मे महिन्यात रात्री तो अडकल्यावर परभणीत जाऊन रिसेट कोण मारणार, तू? का त्यांच्या आई मारणार?


एसजीजीएस_हॉस्टेल

हाहा बरोबर आहे सर. मग ब्रॉडलिंकचा आरएम४ मिनी घ्या, तयार डबी आहे आणि ती पण होम असिस्टंटला लोकल जोडता येते पुढं-मागं. पण तापमानाचा सेन्सर त्याच्या वेगळ्या केबलमध्ये असतो, ती सोबत आहे का बघून घ्या. वायफाय २.४ चंच लागतं, राउटरला ५ गिगाहर्ट्झ एकत्र करून ठेवलं असेल तर जोडताना अडचण येती.


औशाचा_कूलर

तुम्ही लोकं १८ आन २५ चं काय घेऊन बसलात राव. आपल्याकडं उन्हाळ्यात हवा कोरडी ठणठणीत असतीय, कोरड्या हवेत कूलरसारखं यंत्र नाही. लोखंडी बॉडीचा मोठा कूलर, वाळ्याच्या ताट्या, खिडकीत बाहेरून बसवायचा आन समोरचं दार थोडं उघडं. पाणी सुकताना हवेतली उष्णता वढून घेतं, एवढं साधं गणित. पंखा आन पंप मिळून एसीच्या दहाव्या हिश्श्यात भागतंय. आन ह्याला तो स्मार्ट प्लग खुशाल लावा, कारण कूलरची बटणं खटक्याची असतात, लाईन आली की आपोआप फिरायला लागतो. आमच्या घरी तसंच चालू लालंय.


तरोडानाका_ते_डॅलस

@औशाचा_कूलर काका, खरंय तुमचं, पण जून लागला, हवेत ओल आली, की कूलर नुसता दमट वारा मारतो, तेव्हा काय? आणि दिवसाला किती बादल्या पाणी पितो तो, ते पण सांगा की.


औशाचा_कूलर

पाण्याचं बोललात ते मान्य. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा आमच्या गल्लीत एकानंही कूलर लावला नव्हता, लावला असता तर शेजाऱ्यानं दगड घातला असता. ज्याच्या बोअरला पाणी आहे त्यानं लावावा. प्लग लावलात तर एक मात्र ध्यानात ठेवा, टाकीतलं पाणी संपलं तरी प्लगला कळत नाही, पंप कोरडा फिरत राहतो आन जळतो. म्हणून पुण्यात बसून कूलर चालू करायचा उद्योग नको, घरात माणूस असतानाच.


गारखेड्याची_वहिनी

सगळं वाचलं. भाऊजी, मला वाटतं तुमचा प्रश्न कोणती डबी हा नाहीच आहे. तुमच्या अण्णांना १८ का लावावं वाटतं ते आधी बघा.

वरचा मजला, उघडी गच्ची, दिवसभर ४३-४४ मध्ये तापलेला स्लॅब. तो रात्री दहा-अकरापर्यंत आत उष्णता फेकत असतो. अशा खोलीत एसीनं हवा २५ ला आणली तरी पलंगावर उताणं पडलेल्या माणसाच्या अंगावर वरून धग येतच राहते. थर्मामीटर हवा मोजतो, छताची धग मोजत नाही. म्हणून अण्णांना २५ ला पण उकडतं आणि ते खरंच उकडतं, हट्ट नाही त्यांचा. मग पहाटेपर्यंत स्लॅब निवतो, एसी मात्र १८ वरच, आणि आईंना थंडी वाजते. त्यांचंही खरं. दोघंही बरोबर आहेत, वेळ वेगवेगळी आहे. माझ्या सासऱ्यांच्या जुन्या वाड्याला माळवद होतं, हातभर मातीचं, तिथं मे महिन्यात दुपारी नुसत्या पंख्यावर झोप लागायची. आपण सिमेंटचे स्लॅब टाकले आणि आता ॲप शोधत बसलोय. (असो, माळवद दर पावसाळ्याआधी कोण लिंपणार, ते पण खरंच.)

तर आधी गच्चीचं करा. पांढरा रिफ्लेक्टिव्ह कोट किंवा चायना मोझॅक (पांढऱ्या टाईलच्या तुकड्यांची फरशी), जमत नसेल तर निदान बेडरूमच्या वर चुन्याचे दोन हात आणि हिरवी नेट. माझ्याकडं कोट मारल्यावर रात्रीचा फरक पहिल्याच उन्हाळ्यात कळला, सासूबाईंनीच सांगितलं, त्या कधी कशाची तारीफ करत नाहीत.

आता डबी. आमच्याकडं दोन प्रकारच्या आहेत म्हणून सांगते. एक साधी, देशी कंपनीची, हजार-दीड हजारातली, तिच्यात सेन्सर नाही. ती फक्त घड्याळावर चालते, अकराला २४ लाव, दोनला २६ लाव, सहाला बंद. दुसरी सेन्सिबो, माझ्या नणंदेनं बाहेरून पाठवलेली. तिच्यात तापमान आणि दमटपणा दोन्हीचा सेन्सर आहे, आणि मुख्य म्हणजे कोणी हातानं रिमोट दाबला तर ती तो सिग्नल ऐकते, म्हणजे ॲपमध्ये खरी स्थिती दिसते. साध्या डबीला हे कळत नाही, तुम्ही पुण्यात २६ बघून निर्धास्त झोपाल आणि तिकडं अण्णांनी १८ करून ठेवलेलं असेल. तुमच्या घरच्या परिस्थितीत हा फरक सगळ्यात मोठा आहे. पण सेन्सिबो महाग, अमेरिकेत एकेक शंभर डॉलरच्या आसपास जातो, दोन घेतले की तुमचं बजेट उडालं, आणि काही फिचर ते वर्गणीत देतात. सिएलोचा ब्रीझ पण ह्याच जातीचा आहे. मधला पर्याय म्हणजे स्विचबॉटचा हब २, त्याच्या केबलमध्येच सेन्सर असतो, मी स्वतः वापरला नाही.

माझं मत विचाराल तर बेडरूमला सेन्सरवाली एक, हॉलला साधी.

आणि एक रागावू नका. पुण्यात बसून अण्णांचा एसी बदलत बसू नका. आमच्या दिरांनी हा उद्योग केला, सासरे चॅनल बदलावं तसं परत परत रिमोट दाबत बसायचे आणि शेवटी डबीच काढून कपाटात टाकली. वेळापत्रक त्यांच्याशी बोलून लावा, आणि रिमोट त्यांच्या उशाशीच राहू द्या.


जालन्याचा_एसीवाला

वहिनी लाख बोललात. गच्चीचं मी गिऱ्हाइकाला सांगतो तर म्हणतात तू एसीचं बघ.

त्यावर एक फुकटचं सांगतो. बेडरूमच्या रिमोटवर 'आय फील' किंवा 'फॉलो मी' असं बटण आहे का बघा, बऱ्याच इन्व्हर्टर एसींना असतं. एसीचा स्वतःचा सेन्सर वर इनडोअरमध्ये, हवा खेचतो तिथं असतो, म्हणजे छताजवळची हवा मोजतो. ते बटण दाबलं की रिमोटमधला सेन्सर वापरला जातो. रिमोट आईंच्या बाजूच्या टेबलावर ठेवायचा, तोंड एसीकडं. रिमोट थोड्या थोड्या वेळानं तापमान एसीला कळवत राहतो. उशीखाली गेला नाहीतर ड्रॉवरमध्ये टाकला की संपलं, मग परत छताची हवा. इकोबीवाला खोलीतला सेन्सर वेगळे पैसे घेऊन देतो तेच हे, तुमच्या घरात बहुतेक आधीच पडलेलं असेल.

अजून एक, १८ लावल्यानं खोली लवकर गार होत नाही. जुन्या हॉलच्या एसीला तर १८ काय न २४ काय, कॉम्प्रेसर पूर्ण ताकदीनंच चालतो, फक्त १८ ला थांबतच नाही. १ जानेवारी २०२० पासून नवीन एसी चालू केला की २४ वरच यावा असा नियम केला तो ह्याच कारणासाठी, बीईई म्हणजे स्टार रेटिंग देणारी केंद्राची वीजबचत संस्था, तिचं म्हणणं आहे की एक डिग्री वर नेली की साधारण ६ टक्के वीज वाचते. २६ ला लावा आणि वर सीलिंग फॅन दोनवर फिरू द्या.

इन्व्हर्टर एसीला डबीनं सारखं बंद-चालू पण करू नका. २५ सांगा आणि सोडून द्या, तो आपली ताकद आपण कमी-जास्त करतो, त्यातच त्याची बचत आहे. सेन्सर बघून बंद-चालू करायचं ते हॉलच्या जुन्यासाठी ठीक, तिथं तसंही तो तेच करतो.


वसमतरोडकर

मंडळी, एवढं कोणी सांगेल वाटलं नव्हतं. आईला व्हिडिओ कॉल करून रिमोट दाखवायला सांगितला. बेडरूमच्या रिमोटवर 'आय फील' आहे! घेतल्यापासून कोणी दाबलेलं नाही. हॉलच्या रिमोटच्या मागचा नंबर पुसलेला आहे, ते अवघड दिसतंय. ऑटो रिस्टार्ट बेडरूमला आहे, हॉलला नाही. स्टॅबिलायझर हॉलला आहे, बेडरूमला दुकानदारानं गरज नाही म्हणून सांगितलेलं.

स्लॅबच्या धगीचं अण्णांना फोनवर सांगितलं तर म्हणले मी दहा वर्षांपासून हेच बोंबलू लालोय, तुझी आई म्हणते तुम्हाला सवयच आहे. आई मागून म्हणली स्पीकर बंद कर.

गच्चीला कोट मारायचं नक्की केलं, होळीच्या आत. डबी सध्या बेडरूमलाच एक, सेन्सरवाली, रिमोट ऐकणारी. हॉलला आत्ता काहीच नाही. आता दोन शंका. मेव्हण्याला नेस्ट नको म्हणलं तर तो म्हणतोय सेन्सिबो आणतो मग, आणू देऊ का इथं घेऊ? आणि नेट गेल्यावर रात्रीचं वेळापत्रक चालणार का?


गारखेड्याची_वहिनी

नेट गेलं की ह्यातल्या बऱ्याच डब्यांचं ॲप बंद पडतं, वेळापत्रक पण बऱ्याचदा क्लाउडवरूनच येतं. रिमोट मात्र चालतोच, एसी काही अडून बसत नाही. राउटरला छोटा १२ व्होल्टचा यूपीएस मिळतो तो लावा, लाईट गेली तरी राउटर चालू राहतो, तसंही लाईट नसताना एसी बंदच असणार पण आल्यावर डबीला लगेच नेट मिळतं. शिवाय रिमोटवर टायमर आणि स्लीप मोड असतो, स्लीपमध्ये तो हळूहळू एक-दोन डिग्री आपणच वर नेतो. आईंना तेवढं एक बटण शिकवून ठेवा.

घरी नवीन स्मार्ट मीटर बसलंय का? बसलं असेल तर सकाळी ९ ते संध्याकाळी ५ च्या वापराला युनिटमागं ८० पैसे ते रुपयाची सूट आहे. रात्रीच्या एसीला उपयोग नाही, पण दुपारी हॉलमध्ये दोघं टीव्ही बघत बसतात तेव्हाचं तरी तेवढं हलकं होईल.


तरोडानाका_ते_डॅलस

मेव्हण्यांना आणू द्या, पण आधी त्यांना तुमच्या बेडरूमच्या एसीचा आणि रिमोटचा मॉडेल नंबर पाठवा, यादीत सापडला तरच. इकडचा अडॅप्टर चपट्या पिनांचा येतो, तो फेकून द्या, यूएसबीवर चालतं, घरातला कोणताही चांगला चार्जर लावा. वॉरंटी इथली तिथं कामाला येत नाही, बिघडला तर बिघडला. आणि सेटअप करताना अकाउंट तुमच्या नावानं उघडा, मेव्हण्याच्या नाही, नाहीतर परभणीचा एसी ओहायोतून बंद होईल आणि तुम्ही परत इथं विचारायला याल.


जालन्याचा_एसीवाला

बेडरूमचा एसी किती व्होल्टपासून कितीपर्यंत विना स्टॅबिलायझर चालतो ते पुस्तकात दिलेलं असतं, बाजूच्या स्टिकरवर पण असतं कधी कधी. तुमच्या डीपीवर संध्याकाळी व्होल्टेज किती पडतं ते लाईनमनला विचारा नाहीतर मीटर लावून बघा. रेंजच्या खाली जात असेल तर दुकानदाराचं ऐकू नका, स्टॅबिलायझर बसवा, डबीच्या आधी. स्टिकरचा फोटो टाका इथं, मी बघून सांगतो.


वसमतरोडकर

फोटो रविवारी गेलो की टाकतो. हॉलच्या रिमोटचा पण टाकतो, पुसलेल्या नंबरचा, कोणी ओळखला तर बरंच.